छापील बाजू वर

तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात अंथरलेला कागद तुम्ही शेवटचा कधी वाचलात? डबे पुसून परत ठेवताना ओझरता दिसतो तेवढं नव्हे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कोणी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय हे विचारत. नसेल वाचला तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी त्याच कागदांवर मराठी शिकले आणि तरी एकोणीस वर्षांची होईपर्यंत त्यांतला एकही नीट वाचला नव्हता.

आमचं घर सौदी अरेबियातल्या कतीफमध्ये होतं, खजुराच्या बागा संपून समुद्राचा वास सुरू होतो तिथे, एका तीनमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बाबा जुबैलच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. आई नाशिकची, लग्नाआधीपासून चळवळीतली. मोर्चे, कोपरासभा, सायक्लोस्टाइलवर काढलेली पत्रकं यांत तिची तरुण वर्षं गेली. मी सहा वर्षांची असताना आम्ही सौदीला आलो, तेव्हा त्या पत्रकांचं काय करायचं हा प्रश्न होता. छापील कागद घेऊन या देशात उतरायचं नाही हे सगळेच सांगत होते. आईने पापडांच्या चळतींमध्ये पत्रकं घातली, गोड्या मसाल्याच्या पुड्या पत्रकांत बांधल्या. कस्टमच्या माणसाने एक पुडी हुंगली, दोनदा शिंकला आणि ट्रंक पुढे ढकलली. इथे आल्यावर ती पत्रकं फडताळात अंथरली गेली. इतर बायका शाई डब्यांना लागू नये म्हणून छापील बाजू खाली घालतात. आईचा नियम उलटा होता, छापील बाजू वर. त्यामुळे मिठाच्या बरणीखाली ‘पाणी हा उपकार नव्हे’ असं होतं आणि तुरीच्या डाळीखाली ‘आणखी किती दिवस?’. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी बोलणं हिंदीत, म्हणजे माझं लिखित मराठी सगळं त्या डब्यांखालचं. दहा वर्षांची असताना ताटात दुधीभोपळा पाहून मी म्हणाले होते, “या अन्यायाचा मी जाहीर निषेध करते.” आईला हसू आवरेना. बाबांनी मान खाली घालून माझ्या ताटातला भोपळा आपल्या ताटात घेतला.

बाबांचं मराठी मात्र अळणी होतं. दार लावलं का, गॅस बंद केला का, उद्या पाणी येणार नाही. एवढंच. घरात जे काही पेटतं होतं ते आईचं, अशी माझी पक्की समजूत होती. सोळाव्या वर्षी मी त्यांना तोंडावर म्हणाले, “तुम्ही तेलवाल्यांचे नोकर आहात.” ते म्हणाले, “हो, आहे. जरा पाणी दे.” या वाक्यात किती माणूस दडलेला असू शकतो हे तेव्हा मला कळणं शक्य नव्हतं. मला वाटलं, यांना लागतसुद्धा नाही.

बारावी झाल्यावर आमच्यातल्या मुलांनी भारतात जायचं असा शिरस्ता होता. मला चित्रकला शिकायची होती आणि एकटीला पाठवायला आईचा धीर होत नव्हता. तेवढ्यात जवळच्या खोबर शहरातल्या एका अमेरिकन वसाहतीत कम्युनिटी कॉलेजचे वर्ग चालतात असं बाबांना कामावर समजलं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कोणालाही घेणारं साधं कॉलेज. तिथे पहिली दोन वर्षं करायची, आणि काम चांगलं असेल तर अमेरिकेतलं मोठं विद्यापीठ तिसऱ्या वर्षाला घेतं. आमचा वर्ग वसाहतीच्या करमणूक हॉलमध्ये, टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून भरायचा. बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती, म्हणून आठवड्यातून दोनदा बाबा मला कामावरून आल्या आल्या तिकडे न्यायचे आणि दोन तास बाहेर गाडीत बसून राहायचे. कारखान्याची जाडजूड मॅन्युअलं वाचत. मला त्याची लाज वाटायची. आज मला माझी वाटते.

शिकवायला डोरोथीबाई होत्या. उंच, हाडकुळ्या, बोटं कायम कोळशाने काळी. आमचं शरीररचनेचं पुस्तक कस्टममधून आलं होतं, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक माणसावर मानेपासून घोट्यापर्यंत जाड मार्कर फिरवलेला. मी पाच पानी निषेध लिहून बाईंना दिला. कलावंताचं स्वातंत्र्य, सत्तेची भीती, सगळं होतं त्यात. त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाल्या, “छान आहे. आता चित्र काढ.”

पण काढू कोणाचं? विद्यापीठाला जिवंत माणसावरून काढलेली बारा चित्रं हवी होती. मी खालच्या मजल्यावरच्या जुलेखाचाचीकडे गेले. ती रत्नागिरीकडची, तिचा नवरा मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. ती पाटावर बसून मासे साफ करत होती.

“चेहरा नको हां काढू,” ती म्हणाली. “कयामतीला अल्लानं सांगितलं, यात आता जीव घाल, तर घालशील?”

“मग हात काढू, चाची?”

“हात काढ. हाताला कुठला जीव, हाताला नुसतं काम.” मग सुरी थांबवून म्हणाली, “बांगड्या जास्तीच्या दाखव पण. वर्गातल्या बायांना वाटायला नको, हिचा नवरा काही करत नाही.”

तसे माझे कागद हातांनी भरत गेले. खवले काढणारे हात, पीठ मळणारे हात, आईचे बटाटे सोलणारे हात. मी मनातून धुमसत होते. मला पूर्ण माणसं हवी होती आणि मला त्यांचे तुकडे मिळत होते.

मग कुवेत इराकच्या ताब्यात गेलं, आणि काही महिन्यांनी युद्ध आमच्या डोक्यावर आलं. विमानतळ बंद, शाळा बंद, टपाल बंद असल्यासारखंच. बाजारात मासे येईनासे झाले, जुलेखाचाचीचे हात रिकामे झाले. भोंगा वाजला की आम्ही तिघं कोठीच्या खोलीत शिरायचो, विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचो आणि रबराचे मुखवटे चढवायचो. मुखवट्यातून आईचा श्वास करवतीसारखा ऐकू यायचा. बेकऱ्या बंद म्हणून रोज थालीपीठ. तिखट, कांदा, भाजणीचा वास आणि त्यात रबराचा वास. आजही नवीन रबराचा वास आला की मला भूक लागते, हे मी कोणाला सांगत नाही.

बाबा खिडक्यांच्या फटींवर तपकिरी चिकटपट्टी लावायचे. ती दातांनी तोडायचे, अंगठ्याने दाबत वरून खाली आणायचे. मी त्यांचे हात काढायला घेतले. त्यांच्या बोटांकडे नीट पाहायची ती माझी पहिलीच वेळ. उजव्या मधल्या बोटाला पहिल्या पेराजवळ एक टणक घट्टा होता. मी तो काढला आणि कारखान्यात पाने-पेचकस चालवून पडला असेल असं धरून चालले.

बारावं चित्र तेच. ते पुरं होतंय तोच सकाळी डोरोथीबाईंचा फोन आला. अमेरिकन बायकामुलांना बसने रियाधला आणि तिथून विमानाने नेणार होते. “आज बारा वाजता बस सुटेल,” त्या म्हणाल्या. “फाइल माझ्या हातात आली तर मी ती स्वतः विद्यापीठात देईन. मुदत या महिन्याची आहे. बस मी थांबवू शकणार नाही.” टपालाचा भरवसा नव्हता. म्हणजे दोन वर्षं एका बसवर येऊन थांबली होती, आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते.

कोळशाची चित्रं एकमेकांवर घासली की पुसली जातात. ती पक्की करायचा फवारा मिळत नव्हता, म्हणून मी आईचा हेअरस्प्रे मारायचे. चित्रांच्या मध्ये घालायला कोरे कागद हवे होते आणि स्टेशनरीच्या दुकानाला कुलूप होतं. आईने फडताळातले डबे खाली काढले. मीठ, डाळ, तेलाची बरणी. खालची पत्रकं झटकली आणि प्रत्येक चित्रावर एकेक ठेवत गेली.

“आई, ही तुझी पत्रकं आहेत.”

“असू दे. चित्रं पुसली गेली तर पुन्हा काढायला वेळ आहे का तुझ्याकडे?”

बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते. त्यांनी त्या चळतीकडे पाहिलं. “दुसरं काही नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली.

“चल मग.”

कतीफमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर नवीन तपासणी नाका बसला होता. वाळूची पोती, दोन जीप, आणि थंडी होती म्हणून एका लोखंडी पिंपात लाकडं पेटवलेली. रांगेत आमच्यापुढे टँकर होते. आमची पाळी आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. शिपाई माझ्याच वयाचा असेल. त्याने बाबांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पाहिला, मग मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवलेलं मोठं चपटं बाड पाहिलं. हे काय, त्याने अरबीत विचारलं.

“माझ्या मुलीची चित्रं,” बाबा त्यांच्या कामचलाऊ अरबीत म्हणाले. “शाळेची.”

त्याने बाड बॉनेटवर ठेवून उघडलं. वर चित्र नव्हतं, पत्रक होतं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षरं त्याला कळणं शक्य नव्हतं, पण वरच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. एक उगारलेला हात आणि त्यात गोल, वर निमुळतं होणारं काहीतरी. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, बॉम्ब?

“मोया,” बाबा म्हणाले. “पाणी. पाण्याचं भांडं. कळशी.”

मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या आईचे शब्द बॉनेटवर उघडे पडले होते आणि माझा बाप त्यांना भांडं म्हणत होता. मी काच खाली केली आणि इंग्रजीत म्हणाले, “ते प्रोटेस्टचं पत्रक आहे. बायका पाणी मागतायत. त्यात लपवण्यासारखं काही नाही.”

बाबा वळले. “एक अक्षर बोलू नकोस.” त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

शिपायाला इंग्रजी फारसं येत नसावं, पण तो एक शब्द येत होता. मोर्च्यांवर गोळ्या चालल्यापासून कतीफमध्ये तो शब्द कोणी रस्त्यावर उच्चारत नसे, हे मला तिथे तेरा वर्षं राहून माहीत होतं. त्याचा चेहरा बदलला. त्याने इकामा खिशात टाकला आणि पोत्यांमागून अधिकाऱ्याला हाक मारली.

अधिकारी पिकलेल्या मिशीचा होता, हातात चहाचा पेला. घाई त्याला नव्हती. घाई आम्हाला होती. बाबा गाडीबाहेर उभे होते आणि मी आत काळ्या पायघोळ अबायात घामाने भिजले होते. अधिकाऱ्याने एकेक पत्रक पाहिलं. हे कोणाचं, त्याने विचारलं. कोणी लिहिलं?

“कोणाचं नाही,” बाबा म्हणाले. “डब्याखाली घालायचा कागद. जुना. रद्दी.” आणि त्यांनी एक पत्रक उचलून त्याच्यापुढे धरलं. त्यावर तेलाच्या बरणीचं गोल पिवळं वळं उमटलं होतं. अधिकाऱ्याने ते नाकाशी नेलं. हळद, हिंग, जुनं तेल. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्याने चित्रं पाहिली. चाचीच्या बांगड्या, खवले, पीठ. बराच वेळ पाहिली.

“चेहरे नाहीत?”

“नाहीत.”

“माशाअल्ला,” तो म्हणाला. ज्या गोष्टीसाठी मी पाच पानं निषेध लिहिला होता तिनेच माझी चित्रं वाचवली, हा विचार त्या क्षणी मला शिवलाही नाही. त्याने पेल्याने पिंपाकडे खूण केली. चित्रं न्या. कागद तिकडे.

बाबांनी एकेका चित्रावरचं पत्रक उचललं. घाई असूनही त्यांनी कडा सारख्या केल्या, बॉनेटवर ठोकून, आपण वहीची पानं करतो तशा. पिंपापाशी उभं राहून त्यांनी गठ्ठा आत सोडला आणि वरचा कागद काळा पडेपर्यंत तिथेच थांबले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, भीतीने.

“सगळे?” अधिकाऱ्याने विचारलं.

“सगळे. खलास.”

इकामा परत मिळाला. “यल्ला, निघा,” शिपाई म्हणाला. गाडीत मी एकच वाक्य बोलले. “तुम्ही आईला रद्दी म्हणालात.” बाबांनी गाडीचा वेग वाढवला. वसाहतीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बसचं इंजिन चालू होतं. डोरोथीबाई पायरीवर उभ्या, एका हाताने दांडा धरून. मी बाड वर दिलं. त्या म्हणाल्या, “चित्रं पक्की केलीस ना?” मी हो म्हणाले. दार बंद झालं. मी रडले नाही. मी फार रागात होते.

घरी आई रिकाम्या फळ्या पुसत होती. मी सगळं सांगितलं, नाक्यावरचं, पिंपाचं, आणि ‘रद्दी’ हा शब्द तर दोनदा सांगितला. बाबा बाहेरच्या खोलीत चपला काढत होते. आईने फडका पिळला.

“म्हणाला असेल. त्याला तो हक्क आहे.”

“कसला हक्क?”

“मजकूर सगळा त्याचा. मी स्टेन्सिल कापायचे, माझं अक्षर बरं म्हणून. आणि मोर्चात बोंबलायचे. तो रात्र रात्र लिहायचा, बोटाला घट्टा पडला होता.” मग फडका झटकून म्हणाली, “ती कळशीपण त्यानेच काढलेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, बॉम्ब वाटतोय.”

“मला कधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी? तू आलीस तीच माझा झेंडा घेऊन. त्यानं धरू दिला तुला.”

मी बाहेरच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. मी विचारलं, “पाणी देऊ?” ते म्हणाले, “दे.” तेवढ्यात भोंगा वाजला आणि आम्ही तिघं पेल्यासकट कोठीच्या खोलीत शिरलो.

युद्ध संपल्यावर, खिडक्यांवरच्या चिकटपट्टीचे डाग अजून निघाले नव्हते तेव्हा, विद्यापीठाचं पत्र आलं. बाराव्या चित्रावर परीक्षक खूष होते. हातांवर एक छापील कागद डकवण्याची कल्पना त्यांना धाडसी वाटली होती. तेलकट कागदातून हात आरपार दिसतात, अर्धा मजकूर हातांखाली जातो, अर्धा वर येतो, त्याचा अर्थ काय आणि तो का निवडला, हे प्रवेश पक्का करण्याआधी लिहून कळवा, असं त्यांनी म्हटलं होतं. मला क्षणभर काही उमगेना. मग हेअरस्प्रे आठवला. ते चित्र त्या सकाळी वाळायच्या आत बांधलं गेलं होतं आणि त्यावरचं पत्रक चिकटून बसलं होतं.

मी बाबांना विचारलं, “नाक्यावर तुम्हाला दिसलं नव्हतं?”

“ओढलं असतं तर चित्र फाटलं असतं,” ते म्हणाले.

“अधिकाऱ्याने ‘सगळे’ विचारलं तेव्हा तुम्ही ‘सगळे’ म्हणालात.”

“हो.”

कल्पना माझीच होती असं लिहिणं सोपं होतं. मी खरं लिहायचं ठरवलं. ती माझी कल्पना नाही, तो अपघात आहे, शब्द माझ्या वडिलांचे आहेत आणि हात त्यांचे आहेत. यावर प्रवेश नाकारलात तरी चालेल. मजकुराचं भाषांतर करायला आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. चित्र अमेरिकेत, पत्रकं राखेत. मी म्हणाले, “आता मजकूर कुठून आणायचा?” बाबांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून म्हणायला लागले. “पाणी हा उपकार नव्हे.” एकही शब्द अडला नाही. त्या अळणी माणसाच्या तोंडून ती वाक्यं येत होती, आणि त्यांचे ओठ हलत होते तसे मी ते आधी एकदा हलताना पाहिले होते, पिंपापाशी.

विद्यापीठाने मला घेतलं. ते चित्र पुढे मला परत मिळालं, आज ते माझ्या टेबलासमोर आहे. बाबा गेले, आई गेली. बाकीच्या अकरा पत्रकांतलं काय काय त्यांना पाठ होतं हे मी त्यांना विचारलं नाही. एक मिळालं त्यातच मी खूष होते, आणि मग अमेरिका, मग माझी चित्रं, मग माझीच घाई.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हे पान मिटलंत की फडताळातला एक डबा उचला. खालचा कागद पालथा असेल तर उताणा करा. घरात एखादं कमी बोलणारं, थकलेलं माणूस असेल तर त्याच्यासमोर तो मोठ्याने वाचा, अगदी जाहिरात असली, जुन्या नाटकाची, कुठल्या सभेची असली तरी वाचा. आणि वाचताना कागदाकडे बघू नका. त्याच्या ओठांकडे बघा.